काशीला सोडलेली जिलबी

वजनाचं ऑपरेशन झालं की पोट लहान होतं. नातेवाईक होते तेवढेच राहतात. ही गोष्ट डॉक्टर आधी सांगत नाहीत. ते कागदावर जठराचं चित्र काढतात, त्याच्यावर एक उभी रेघ मारतात आणि रेघेच्या अलीकडचं ठेवायचं, पलीकडचं काढायचं, असं समजावतात. पलीकडचं म्हणजे जवळपास ८० टक्के. उरते ती केळ्याच्या आकाराची नळी. तिच्यात सुरुवातीला १०० ते १५० मिलिलीटर मावतं, म्हणजे पाहुण्यांच्या कपातला एक चहा. या प्रकाराला स्लीव्ह म्हणतात. दुसरा प्रकार बायपासचा. त्यात जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम ३० मिलिलीटरची पिशवी करून तिला पुढचं आतडं जोडतात. माझं स्लीव्ह झालं. झालं पुण्यात, आणि निभवायला मी सांगलीला परत आले.

आल्या आल्या सासूबाईंनी विचारलं, "काढलेलं पोट काय केलं त्यांनी?"

मला माहीत नव्हतं. अपेंडिक्स काढलं की बाटलीत घालून दाखवतात, दाढ काढली की पुडीत बांधून हातात देतात; मग एवढा मोठा ऐवज दवाखान्याने परस्पर ठेवून घेतला, हे त्यांना पटेना. पैसे आपण भरायचे आणि पोट त्यांनी ठेवायचं! धाकट्या नणंदेचा प्रश्न जास्त व्यवहारी होता. "वहिनी, मग आता डब्याला चपात्या किती?"

या ऑपरेशनांचा जन्मच मुळी दुसरं काहीतरी करताना झालेला आहे. अमेरिकेत आयोवा विद्यापीठातले सर्जन एडवर्ड मेसन यांच्या ध्यानात आलं, की अल्सरपायी ज्यांच्या जठराचा भाग काढावा लागतो त्यांची वजनं उतरतात आणि सहसा परत चढत नाहीत. त्यावरून त्यांनी १९६६ साली बायपास केली. स्लीव्हची कथा आणखी मजेची. एका मोठ्या, किचकट ऑपरेशनचा तो नुसता पहिला टप्पा होता. फार जाड रुग्णाला एका दमात सगळं झेपायचं नाही, म्हणून आधी जठर कापायचं, वजन थोडं उतरू द्यायचं आणि मग आतड्याचं काम काढायचं, असा बेत असे. पण पहिल्या टप्प्यातच बऱ्याच जणांची वजनं एवढी उतरली की दुसऱ्याची गरजच पडेना. आमच्याकडे घराच्या स्लॅबवर सळया सोडून ठेवतात, वरचा मजला पुढेमागे काढू म्हणून, आणि खालच्या दोन खोल्यांतच नातवंडांची लग्नं होतात, तसलाच हा प्रकार.

नागपूरच्या आतेसासूबाईंना हा इतिहास ऐकवून उपयोग नव्हता. देवाने दिलेला अवयव कापायचा म्हणजे काय, हे त्यांचं म्हणणं. मग कुणीतरी आठवण करून दिली, की नितीन गडकरींनीही २०११ साली मुंबईत वजनाचं ऑपरेशन करून घेतलं होतं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "असं होय. पण ते तर अजून खाण्याबद्दल केवढं बोलतात!"

बोलतातच. बोलणं पोटातून थोडंच येतं?

पहिले आठवडे सोपे जातात, कारण ते सगळ्यांना कळतात. आधी पाणी, मग डाळीचं पाणी, मग दाट, मग मऊ, मग चारचौघांसारखं. डाएटिशियनबाईंनी हा क्रम छापील कागदावर दिला होता. सासूबाईंनी तो चष्मा लावून वाचला आणि डब्याखाली सारला. सगळी पोरं आणि नातवंडं त्यांनी याच क्रमाने वाढवली होती, त्यात नवीन काय होतं? त्यांनी कपाटातून माझ्या मुलाच्या उष्टावणाची चांदीची वाटी काढली, राखेने घासून चकचकीत केली आणि तिच्यातून मला मुगाच्या डाळीचं पाणी भरवायला बसल्या. मुलगा तेव्हा इंजिनिअरिंगला होता. त्याने आईला आपल्या वाटीत जेवताना पाहिलं, फोटो काढला आणि मामाला पाठवला. तो फोटो अजून कुणाच्या ना कुणाच्या वाढदिवसाला वर येतो. वाटी मात्र मी परत केली नाही. सून आली की बघू.

ऑपरेशनबरोबर भूकही गेली. जठराच्या वरच्या फुगीर भागात घ्रेलिन नावाचं द्रव्य तयार होतं आणि ते मेंदूला जेवायची आठवण करून देतं. जपानी शास्त्रज्ञांनी ते १९९९ साली शोधून काढलं. नेमका तोच भाग माझ्या जठरातून वजा झाला होता. भुकेशिवाय दिवस कसा काढायचा, या काळजीत मी होते, तर दिवस पूर्वीसारखाच गेला. तेव्हा हिशेब मांडून बघितला. सकाळी नाश्ता करायचा, कारण सगळ्यांचा असतो. अकराला बँकेत बिस्किटं, कारण शेजारच्या टेबलावर कुणी पुडा फोडलेला असतो. दीडला डबा, कारण दीड वाजतो. चारला चहा आणि चहाबरोबर काहीतरी, कारण नुसता चहा पित्त करतो. संध्याकाळी कुणी आलं म्हणून आणि रात्री उरलं म्हणून. यात भूक कुठेच नव्हती. घ्रेलिनला माझ्याकडे काम असं नव्हतंच, बिचारं इतकी वर्षं बसून पगार घेत होतं.

यातलं 'उरलं म्हणून' हे खातं घरोघरी बाईच्या नावावर असतं. पातेल्याच्या तळाचा दोन घास भात, मुलाने टाकलेली अर्धी चपाती, डब्यातून फिरून आलेली गवार. हे जेवण म्हणून कुणी धरत नाही. ती भांडी घासायच्या आधीची तयारी असते. माझ्यापुरतं हे खातं बंद झालं आणि आमच्या घरात रोज किती उरतं ते पहिल्यांदा सगळ्यांना दिसलं. फ्रीजमध्ये वाट्यांची रांग लागली. अन्न टाकायचं नाही असा आमच्याकडे दंडक, त्यामुळे शेवटी आमच्या ह्यांनी पुढाकार घेतला. रोज रात्री फ्रीज उघडून, एकेक वाटी नाकाशी धरून, कर्तव्य म्हणून संपवायची. वर्षभरात माझे ब्लाउज आत घ्यायला आणि ह्यांच्या पँटी कमरेत सोडायला एकाच पिशवीतून एकाच शिंप्याकडे जाऊ लागल्या. शिंपी पोक्त माणूस. दोन्ही कपडे शेजारी मांडून त्याने शांतपणे विचारलं, "वैनी, हिकडचं कापड तिकडं जोडू का?"

पोट भरल्याची खूण म्हणजे काय, ते पूर्वी मला ठाऊक नव्हतं. ताट रिकामं झालं की पोट भरलं. आता पोट रीतसर खूण पाठवतं, फक्त ती नाकावाटे येते. ऑपरेशन झालेल्या पुष्कळ जणांना पोट भरत आलं की नाक वाहतं, कुणाला उचकी लागते. मला शिंक येते. एक शिंक म्हणजे पुरे. त्यानंतर हावरेपणाने एक घास जरी घेतला, तरी तो छातीत जाऊन बसतो आणि मी पुढचा अर्धा तास भिंतीकडे तोंड करून उभी. घरात सगळ्यांना हे पाठ आहे, मी शिंकले की मुलगा माझं ताट उचलतो. पंचाईत होते ती बाहेर, कारण शिंकेचे अर्थ आपल्याकडे आधीच ठरलेले आहेत. एका साखरपुड्यात मी तिसऱ्या घासाला शिंकले, आणि नेमके त्याच वेळी मुलीचे मामा लग्नाची तारीख सांगत होते. पंगत गार पडली. एका आजींनी सगळ्यांना एकेक घोट पाणी प्यायला लावलं. गुरुजींनी पुन्हा पंचांग काढलं. मुलगी पुढच्या महिन्यात उजवली, चांगली नांदते आहे. माझं पोट भरलं होतं, एवढंच मी सांगू पाहत होते.

पंगतीतला पाण्याचा तंटा निराळाच. आमचा नियम असा, की घास वीस-तीस वेळा चावायचा, जेवताना पाणी प्यायचं नाही आणि जेवल्यावर अर्धा तास थांबायचं. चिमुकल्या नळीत पाणी घातलं तर अन्नाला जागा कुठली? पंगतीत मात्र पानावर पहिलं येतं पाणी आणि शेवटी येतो मठ्ठा. मी वाढप्याला म्हटलं, "मठ्ठा मी नंतर घेईन."

"नंतर म्हणजे?"

"अर्ध्या तासाने."

अर्ध्या तासाने माझ्या जागेवर तिसरी पंगत बसलेली असते. शिवाय सगळ्यांनी एकदम उठायचा रिवाज. मी चौथा घास पंधराव्यांदा चावत असते तेव्हा समोरची रांग हात वाळवत माझ्याकडे बघत असते. बुफेला नावं ठेवणाऱ्यांत पूर्वी मी पुढे होते. आता बुफे मला आवडतो. हातात ताट घेऊन खांबाआड उभं राहता येतं.

काय उतरतं आणि काय अडतं, हे कागदावर वाचून कळत नाही. लुसलुशीत, पदर सुटलेली ताजी चपाती, जिच्यावरून आमच्याकडे सुनेची किंमत ठरते, ती माझ्या नळीत कणकेचा गोळा होऊन बसते. शाळूची शिळी भाकरी आमटीत कुस्करली की सुरळीत जाते. मोकळा भात फुगतो, गुरगुट्या चालतो. कृष्णाकाठचं वांगं तर देवाने आमच्यासाठीच केलंय, सालीसकट विरघळतं. रविवारचं मटण मात्र नाही. तांबडा रस्सा चालतो, तुकडा चालत नाही. मी माझ्या वाटणीचे तुकडे उचलून पाहुण्यांच्या ताटात घालते आणि त्यांना वाटतं, किती मोठ्या मनाची बाई!

सगळ्यात अवघड गेलं ते ताट उलटं वाचणं. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं पोटात गेली पाहिजेत, आणि एका अंड्यात असतात साधारण सहा. म्हणून आधी उसळ, अंडं, पनीर, दही, मग भाजी, मग जागा उरली तर भाकरी, आणि भात राहिलाच. आपलं ताट याच्या नेमकं उलटं मांडलेलं असतं. मधोमध भात-भाकरीची गादी आणि मटकी कडेला, वाटीत, तोंडी लावण्यापुरती. 'नुसती उसळ खाऊ नये, भाकरी घे तिच्याबरोबर' हे लहानपणापासून पाठीत धपाटे खाऊन शिकलेली मी. आता नुसती उसळ चमच्याने खायची हाच औषधोपचार. तरी चमचा तोंडात घालताना डोळे स्वयंपाकघराच्या दाराकडे जातात, सासूबाई आल्या की काय!

गोळ्यांचं थोडक्यात सांगते. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, सगळं जन्मभर. लोह आणि कॅल्शियम एकमेकांपासून दोन तास लांब ठेवायचं. लोह चहापासूनही लांब ठेवायचं. सांगलीत चहापासून लांब अशी वेळ रात्री अडीचला येते.

आता भडंगाकडे येते.

या ऑपरेशनची खरी थट्टा अशी आहे, की चांगलं अन्न अडतं आणि नको ते घसरतं. भाकरी, मोड आलेली मटकी, सफरचंद, कोंबडी, सगळे नळीच्या तोंडाशी थांबून परवानगी मागतात. फरसाण, खारी, बिस्किटं, आईस्क्रीम, बासुंदी यांना कुणी अडवत नाही. कुरकुरीत वस्तू तोंडातच विरते, वरून चहाचा घोट मिळाला की सरळ खाली रवाना होते, पोटात रेंगाळत नाही, त्यामुळे पोट भरत नाही, त्यामुळे शिंकही येत नाही. आणि या सगळ्या जमातीचा राजा आमच्या गावात राहतो. चुरमुरे, लसूण, तिखट, भरपूर शेंगदाणे, आणि चुरमुऱ्यांनी गपचूप पिऊन टाकलेलं तेल. सांगलीत भडंग खाण्यात मोजत नाहीत. पाहुणा आला की चहा उकळेपर्यंत भडंग. लाईट गेली की अंधारात भडंग. सवती-सवतीसारख्या जावा बोलेनाशा झाल्या की मधे ठेवायला भडंग. डाएटिशियनबाई वही ठेवायला सांगतात, दिवसभरात तोंडात गेलेलं सगळं लिहा म्हणतात. सांगलीतल्या कुणाही ऑपरेशनवाल्याची वही तपासा, अंडी सापडतील, ताक सापडेल, भडंग सापडायचं नाही. ते तोंडात जात नाही, हात जाता-येता परातीवरून फिरतो.

पहिली वर्ष-दोन वर्षं पोटच पहारा देतं, आपल्याला काही करावं लागत नाही. मग नळी जराशी सैलावते, भुकेची चाहूल पुन्हा लागते, आणि पोट आपली किल्ली आपल्याच हातात देऊन निघून जातं. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका अभ्यासात ऑपरेशन झालेल्या २,०१० आणि न झालेल्या २,०३७ जणांवर वर्षानुवर्षं नजर ठेवली गेली. ऑपरेशनवाल्यांची वजनं पहिल्या एक-दोन वर्षांत तळाला गेली, मग हळूहळू थोडी वर आली आणि आठ-दहा वर्षांनी एका ठिकाणी टेकली. पंधरा वर्षांनीसुद्धा बायपासवाले सरासरी २७ टक्क्यांनी हलके होते. डाएटिशियनबाईंनी मला त्याचा आलेख दाखवला, 'थोडं वर येणारच, घाबरू नका' म्हणून. तळाला जाऊन पुन्हा जरा डोकं वर काढणारी ती रेघ बघताच मी ओळखली. ती भडंगाची रेघ आहे. स्वीडनमध्ये त्याला दुसरं काही म्हणत असतील.

माझ्या ओळखीतल्या एका बायपासवाल्या सरांचा मला हेवा वाटतो. बायपासमध्ये साखर कुठे न थांबता धडक आतड्यात उतरते; मग घाम फुटतो, छाती धडधडते, पोटात कळ येते आणि माणूस आडवा होतो. याला डंपिंग म्हणतात. सरांना एका पाडव्याला श्रीखंडाने असं गाठलं, तेव्हापासून घरात चक्का टांगलेला दिसला तरी ते फिरायला निघून जातात. त्यांचा पहारेकरी अजून नोकरीवर आहे. स्लीव्हवाल्यांनाही हा त्रास होतो म्हणतात, पण माझी नळी बासुंदीच्या बाबतीत अगदीच मोकळ्या स्वभावाची निघाली.

आणि म्हणून खरा सामना पोटाशी नाही, वाढणाऱ्या हाताशी आहे. आग्रहाचं आपल्याकडे व्याकरण आहे. पहिला 'नको' रीतीचा, दुसरा लाजेचा, आणि तिसऱ्याला वाढायचं. खरोखरीच्या 'नको'साठी यात जागा ठेवलेली नाही. "माझं ऑपरेशन झालंय" म्हणावं, तर "झालं की आता! टाके कधीच निघाले असतील." "डॉक्टरांनी सांगितलंय" म्हणावं, तर "डॉक्टर काय, सांगतच असतात." आणि एक जिलबी पानावर. "छोटीच घातली हो," असं म्हणत परातीतली सगळ्यात मोठी. वर, मी ती खाल्ली तर हीच बाई शेजारणीला सांगणार, "ऑपरेशन केलंय म्हणे, आणि जिलबी बघा कशी चालते!"

एका मुंजीत माझ्या तोंडून निघून गेलं, "जिलबी मी काशीला सोडली."

वाढणारीचा हात जागीच थांबला. जिलबी परातीत परत गेली. शेजारच्या काकूंनी मला नमस्कार केला. "केवढा निग्रह गं! जिलबी म्हणजे काय सोपी गोष्ट!" आमच्या आजेसासूबाईंनी काशीला पडवळ सोडलं होतं, आणि त्यांना पडवळ मुळातच आवडत नसे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं, तरी त्यांच्या पानात पडवळ घालायची छाती मरेपर्यंत कुणाची झाली नाही. पाच-सहा डिग्र्यांच्या डॉक्टरांना जे जमलं नाही, ते एका स्थळाच्या नावाने झालं. मी काशीला गेलेली नाही. पण माझं जे सुटायचं ते पुण्याला सुटलं, हे काही खोटं नाही. अडचण एकच. पुढच्या लग्नात एक वहिनी म्हणाल्या, "जिलबी सोडली ना, मग गुलाबजाम घ्या." आजवर मी काशीला जिलबी, गुलाबजाम, बासुंदी आणि एका रिसेप्शनला आईस्क्रीमही सोडलेलं आहे. आईस्क्रीम ऐकून त्या बाई जराशा घुटमळल्या, पण देवाचं नाव मधे आल्यामुळे पुढे बोलल्या नाहीत.

तिथून मला वाट सापडली. आजेसासूबाईंचे चातुर्मासातले नेम मी आठवून बघितले. मौनाने जेवायचं. पानात एकदाच वाढून घ्यायचं. जेवणांच्या मधे काही तोंडात टाकायचं नाही. डाएटिशियनबाईंचा कागद डब्याखालून काढून शेजारी ठेवला. सावकाश जेवा, बोलू नका, टीव्ही बघू नका, दुसऱ्यांदा वाढून घेऊ नका, दोन जेवणांच्या मधे खाऊ नका. हातभर अंतरावर दोन्ही ठेवले तर अक्षराशिवाय फरक नव्हता. आषाढी एकादशीला मी घरात जाहीर केलं, की चार महिने मौनाने, एकदा वाढलेलंच जेवेन. दवाखान्याचे नियम पाळायला मला रोज वाद घालावा लागे. नेम मात्र सगळ्या घराने अंगावर घेतला. मी पानावर बसले की टीव्ही बंद. कुणी 'अजून थोडं' म्हणालं की सासूबाईच डोळे वटारत, "तिचा नेम आहे!" कार्तिकी एकादशी आली तेव्हा मी नेम सोडायचं विसरल्यासारखं केलं. मग मार्गशीर्ष लागला. मग कुणी विचारायचंच सोडून दिलं.

त्याची किंमतही मोजावी लागली. बाई एवढी नेमाची, मग संकष्टी का करत नाही? केली. उपवासाच्या दिवशी आपण जेवढं खातो तेवढं एरवी खात नाही, हे माहीत होतं. पण साबुदाण्याचा तो चिकट डोंगर आणि त्यात प्रथिनं दाण्याच्या कुटापुरती! शेवटी माझ्या खिचडीत कूट फार आणि साबुदाणा नावाला, शेजारी वाटीभर घट्ट दही, अशी तडजोड निघाली. मुलगा त्या खिचडीला 'शेंगदाण्याचा उपवास' म्हणतो.

लोकांची मतंही ठरलेल्या क्रमाने येतात. आधी "छान बारीक झालीस." मग केस गळतात, गाल बसतात, तेव्हा खालच्या आवाजात "काय गं, शुगर निघाली का?" आणि मग दोन किलो परत आले की मोठ्या आवाजात, भर मांडवात, "भरलीस हं पुन्हा!" मधल्या वीस-पंचवीस किलोंबद्दल कुणी बोलत नाही. आणि 'शॉर्टकट' म्हणणारी माणसं आहेतच. त्यांना मी जेवायला बोलावते. खरं तर हल्ली मी सगळ्यांनाच बोलावते, आणि असा काही आग्रह करते की विचारू नका. स्वतःला चार घास लागतात म्हटल्यावर उरलेला सगळा जीव दुसऱ्यांच्या ताटात ओतला जातो. पाहुणे माझ्याकडे यायला घाबरतात. परवा एक भाची "आत्या, मी काशीला चपाती सोडली" म्हणाली, तेव्हा कळलं की युक्ती बाहेर फुटली आहे.

गेल्या दिवाळीत थोरल्या जाऊबाई फराळाचं ताट मांडीवर घेऊन माझ्याजवळ सरकल्या. गुडघे बोलत होते, शुगर वाढली होती. "मलाही करायचंय," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांचा नंबर दे. फक्त दिवाळी होऊ दे."

मी सांगितलं, ऑपरेशनच्या आधी यकृत आवळावं म्हणून साधारण दोन आठवडे कडक पथ्य असतं आणि नंतर काही आठवडे पातळ.

"आधीपण?" त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं. मार्गशीर्षात गुरुवार, उद्यापनाची सवाष्ण जेवायला. संक्रांतीला गुळाच्या पोळ्या, त्या करायच्या आणि खायच्या नाहीत? मग रानात हुरडा. मग होळी, म्हणजे पुरण. पाडव्याला श्रीखंड. तिथून आंबा सुरू, आंब्याच्या दिवसांत कुणी पोट कापून घेतं का? पुढची पानं त्यांनी आधीच उलटून बघितली होती: आखाडातलं तळण, श्रावण, गणपती, महालयाच्या खिरी, नवरात्र, आणि फिरून दिवाळी. शेवटी जूनमध्ये बोट थांबलं. आंबा संपलेला, आखाड लागायचा बाकी.

"हे बघ, इथं बसतंय."

"तिथं वटपौर्णिमा आहे," थोरले दीर पेपरातून म्हणाले.

"असू दे की. त्या दिवशी उपवासच असतो," जाऊबाई म्हणाल्या, आणि चकलीचा तुकडा मोडून मला विचारलं, "पातळात वरीची पेज धरतात ना गं? साजूक तूप घालून?"